बोळातला आपोआप लागणारा दिवा

आमच्या घरातलं लाइटीचं बोर्ड बदलायचं की नाही, हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होता. पप्पांचं लग्न झालं, मी झाली, मी शाळेत गेली, शाळा सोडून घरी आली, तरी वाद तिथंच. शेवटी तो मी मिटवला. एकटीनं. आमच्या खापर गावात कोणालाही विचारा. फक्त माझ्या दादीसमोर विचारू नका.

मी रूपल. बाजारपेठेत भांड्यांचं जे जुनं दुकान आहे ते आमचं. पुढं दुकान, मागं घर, आणि बाजूनं घरात यायला एक लांब बोळ. भर दुपारीसुद्धा त्या बोळात माणूस माणसाला ओळखत नाही, इतका अंधारा. शाळा मी माझ्या मर्जीनं सोडली. सरांनी वर्गाबाहेर उभं केलं. मी म्हटलं, बाहेरच काढलंय तर घरीच जाते, आणि आली. पोरीच्या डोक्यात निखारा आहे, असं सगळे म्हणतात. असेल. पण हिची नजर घारीची आहे, हेही तेच लोक म्हणतात. तांब्याला पोचा पडला असेल तर मला तो रस्त्यावरून दिसतो.

तर बोर्ड. घरात शिरल्या शिरल्या भिंतीवर सागाची फळी, त्यावर काळी बटणं आणि चिनी मातीचे फ्यूज. दादाजींनी तरुणपणी लावून घेतलेलं. तेव्हा घरात दोन बल्ब आणि एक रेडिओ होता. आता फ्रिज, गिझर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळं त्याच फळीवर. एका गाढवावर सगळा आठवडे बाजार लादावा तसं. त्यामुळे घरात एक पद्धतच पडलेली. मिक्सर लावायच्या आधी मम्मी स्वयंपाकघरातून हाळी द्यायची, "मिक्सर लावतेय!" मग दुकानात पप्पा पंखा बंद करायचे, दादाजी गिझर, मी इस्त्री. आमच्याकडं आज चटणी आहे हे जिभेच्या आधी गल्लीला कळायचं. कोणी एक जण विसरला की फट्, आणि सगळं घर काळं. दादाजींच्या खिशात रुमाल नसायचा, पण फ्यूजची तार असायची. अंधारात, नुसत्या बोटांनी ते तार घालायचे आणि वर म्हणायचे, "झालं. कशाला बदलायचं? वेळेवर उडतंय ना? उडणं हेच त्याचं काम."

मी अमृत वायरमनला बोलावून आणलं. त्यानं फळीमागं हात घातला आणि झटकन काढला.

"रूपल, हाई बोर्ड शे का चूल शे? वायरी तापी ऱ्हायन्यात. हात लाई देख."

"तूच लाव," मी म्हटलं.

"एक दिन आग लागी जाई. मंग मन्हं नाव नको लेजो."

दादाजींनी दुकानातूनच विचारलं, "अमृत, हे बोर्ड बसवलं तेव्हा तू कुठं होतास?"

"मी जन्मेल नव्हतू, शेटजी."

"मग तू लहान. मोठ्यांबद्दल असं बोलू नये."

अमृत गेला. वाद पुन्हा जागच्या जागी. आणि तेवढ्यात पर्युषण आलं, आणि माझ्या दादीनं, म्हणजे पतासीबाईंनी, अठाई धरली.

अठाई म्हणजे आठ दिवस उपवास. साबुदाणा-वरईचा नाही. काहीच नाही. उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. मला सकाळचा चहा उशिरा मिळाला तर मी कपाटाची दारं आपटते. आणि ही बाई, सत्तरी उलटलेली, भिंतीला टेकून माळ ओढत बसायची आणि आम्हालाच विचारायची, "जेवलात ना सगळे?" मी तिच्याकडं बघत बसायची. बोलता यायचं नाही मला. आणि मला बोलता येत नाही असं वर्षातून एकदाही होत नाही.

पण दादीनं नुसती अठाई नाही धरली. तिनं मनात एक आणखी नियम घेतला आणि मग घरात सांगितला. पारण्याच्या दिवशी, म्हणजे उपवास सोडायच्या दिवशी, आधी महासतीजींच्या पात्रात आपल्या हातानं आपल्या घरचं घालायचं, मगच आपण तोंडात घास घ्यायचा. नाही जमलं तर उपवास पुढं चालू.

हे ऐकायला सोपं आहे. महासतीजी म्हणजे आमच्या साध्वी. त्या पावसाळ्याचा चौमासा इथल्या जैन स्थानकात होत्या, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या कोणाच्या घरी ठरवून येत नाहीत. विनंती करायची, येतीलच असं नाही. आल्या तरी घर 'सूझता' लागतं. म्हणजे त्या आल्यावर कोणी न उकळलेल्या कच्च्या पाण्याला, हिरव्या भाजीला, चुलीला, विजेच्या बटणाला हात लावला की घर असूझता झालं. चालू पंखा बंद केला तरी असूझता, बंद दिवा लावला तरी असूझता. मग त्या रिकाम्या पात्रानं मागं फिरतात, आणि त्या दिवशी पुन्हा त्या उंबऱ्यावर येत नाहीत. वीज त्या स्वतः वापरतच नाहीत. पंखा नाही, दिवा नाही, माइक नाही. भादव्यातल्या खापरच्या उकाड्यात. हे पण मला कधी नीट समजलं नाही, नुसतं बघत राहावं असंच आहे ते.

दादी म्हणाली, "एवढंच बघा. त्या दिवशी घरात एक खटका वाजायला नको."

आणि तिथं मला मुद्दा सापडला.

"दादाजी," मी म्हटलं, "समजा महासतीजी बोळात आहेत आणि तेव्हाच तुमचं बोर्ड उडालं?"

"उडू दे. आपण हात नाही लावला ना."

"तुम्ही नाही लावणार हात? अंधार झाल्यावर? तुमचा हात आधी खिशात जातो, डोकं नंतर विचार करतं."

दादाजींनी खिशातला हात हळूच बाहेर काढला. पप्पा म्हणाले, "खरंय. मीपण पळत येतो आणि बटणं खालीवर करतो. सवयच आहे."

मम्मी म्हणाली, "आणि मी ओरडते."

दादाजींनी आतल्या खोलीकडं बघितलं. दादी डोळे मिटून माळ ओढत होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या. दादाजी म्हणाले, "बोलाव अमृतला."

बघा. एवढ्या वर्षांचा वाद. मी मिटवला.

अमृतनं कामाला हात घातला तशी मी त्याच्या पाठीमागून हललीच नाही. सागाची फळी उतरली तेव्हा भिंतीवर तिचा पांढरा ठसा राहिला. त्या जागी पांढरी पेटी, पारदर्शक झाकण, आत एका रांगेत खटके. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे माना ताठ करून उभे असतात ना, तसे. अमृतनं मुख्य खटका वर केला. काही उडालं नाही, वास नाही, आवाज नाही. मम्मीनं मिक्सर लावला, पप्पांनी गिझर, मी इस्त्री. आम्ही डोळे बारीक करून उभे. काहीच नाही. मिक्सर एकटाच आरामात घुर्र करत राहिला. मम्मीनं सवयीनं हाळी दिली, "मिक्सर लावतेय!" कोणी जागचं हललं नाही, आणि तिला एकदम हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. मला तर त्या पेटीला नमस्कारच करावासा वाटला.

"आनि हाई मन्हाकडथीन फुकट," अमृत म्हणाला. त्याच्या हातात एक गोल दिवा होता, खाली बोराएवढा पांढरा डोळा. "बोळमां लावस. बटन दाबानं कामच नई. मानूस उना का दिवा लागी, मानूस गया का बंद."

"बटण दाबायचंच नाही?"

"हातच लावानं नई."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? हात लावायचा नाही! आम्हाला तेच तर पाहिजे होतं. मी म्हटलं, लाव. आत्ताच्या आत्ता लाव. दिवा दुकानातल्या इन्व्हर्टरवर जोड, म्हणजे लाइट गेली तरी चालेल.

त्यानं बोळाच्या घराकडच्या टोकाला, दारावर, दिवा बसवला. मी बोळात पाय ठेवला आणि लख्ख उजेड. लहानपणापासून जो बोळ मी हातानं चाचपत पार करायची, त्या बोळात पहिल्यांदा मला भिंतीचा रंग दिसला. हिरवा होता. माहीतच नव्हतं. दादाजी बोर्डाच्या विरोधात होते ना? ते त्या दिवशी दुकानात जायचे, काहीतरी विसरलं म्हणून परत यायचे, पुन्हा जायचे. प्रत्येक वेळी वर बघायचे. एकदा तर दिव्याला म्हणाले, "या."

दादी आत खोलीत पडून होती. तिला बोळात यायचं कारणच नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "झालं ना काम? आता कोणी हात लावणार नाही ना?"

"कोणी नाही," मी छाती पुढं काढून म्हटलं. "आता सगळं आपोआप."

संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. मी पहाटेच उठून सगळ्यांचे मोबाइल बंद करून धान्याच्या कोठीत टाकले. जो पंखा चालू तो चालू, जो बंद तो बंद. पप्पांना सांगितलं, हात मागं बांधून उभं राहा. दादाजींचा खिसा तपासला. तार होतीच. काढून घेतली. स्वयंपाकघरात दादीसाठी मुगाचं पाणी, पिठाची पातळ राब आणि खाकरे तयार. दादी पांढऱ्या साडीत पाटावर बसली. खांदे हँगरसारखे दिसत होते, पण चेहरा असा की घरात दुसऱ्या दिव्याची गरजच नव्हती.

गल्लीतून आवाज आला, "पधारो, पधारो." महासतीजी आमच्या गल्लीत होत्या. मग बोळाच्या तोंडाशी पांढऱ्या साड्या दिसल्या. दोघी. एक मोठ्या महासतीजी, वयानं दादीएवढ्या. एक छोट्या, माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या दिसणाऱ्या, तोंडाला कापडाची मुहपत्ती, हातात लाकडी पात्रं.

छोट्या पुढं होत्या. त्या पाऊल टाकणार, तोच थांबल्या. वर बघितलं. हात आडवा करून मोठ्यांना थांबवलं.

"इथं सेन्सर आहे," त्या म्हणाल्या.

मोठ्यांनी विचारलं, "काय असतं ते?"

"पुढं पाऊल टाकलं की आपल्यामुळं दिवा लागेल."

ज्या दिव्याला नमस्कार करायचाच मी बाकी ठेवला होता, त्याच्याकडं मी बघितलं. बोराएवढा डोळा. मला, घारीच्या नजरेच्या मुलीला, दोन-तीन दिवस त्याच्याखालून जा-ये करून जे दिसलं नाही, ते ह्यांना बोळाच्या त्या टोकावरून, अंधारात, एका नजरेत दिसलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

मोठ्या महासतीजी म्हणाल्या, "दीक्षेच्या आधी ह्या इंजिनिअर होत्या. विजेच्याच."

मला हायसं वाटलं. "मग सांगा ना! तो बंद कसा करायचा? पेटीतला कोणता खटका?"

छोट्या महासतीजींनी मान हलवली. "ते आम्हाला सांगता येत नाही."

"का? विसरलात?"

"विसरले नाही. सांगायचा त्याग आहे. दिवा लावा म्हणायचं नाही, विझवा म्हणायचं नाही, कसा ते शिकवायचं नाही."

म्हणजे बघा. आख्ख्या अक्कलकुवा तालुक्यात माझ्या बोर्डाबद्दल ज्यांना सगळं माहीत होतं त्या माझ्यासमोर उभ्या होत्या, आणि त्यांनी न बोलण्याचं व्रत घेतलेलं.

पण मी अशी सोडणारी नाही. मी म्हटलं, "आम्ही ताट तिथं बाहेर आणतो."

"समोर आणलेलं चालत नाही," मोठ्या म्हणाल्या.

"मग दुकानाकडून या. मी शटर उघडते."

"आमच्यासाठी उघडलेलं दार चालत नाही."

"मग मी आधीच बोळात येऊन हात हलवत राहते. दिवा लागलेलाच राहील. तुमच्यामुळं लागायचा प्रश्नच नाही."

मुहपत्तीमुळं तोंड दिसत नव्हतं, पण छोट्या महासतीजींचे डोळे हसले. "आणि तू हात कोणासाठी हलवणार?"

मी अमृतचं काम बघितलेलं, नवी पेटी बघितलेली. पण ह्यांच्या नियमांची फिटिंग काही वेगळीच होती. कुठंही बोट ठेवा, कुठंच जोड ढिला नाही. जराशी गळती झाली की मुख्य खटकाच खाली.

"दया पालो," मोठ्या महासतीजींनी आशीर्वाद दिला, आणि दोघी वळल्या. अनवाणी पायांचा आवाजसुद्धा झाला नाही.

आत दादीनं हातातली वाटी खाली ठेवली. वाटीचा आवाज झाला नाही, इतकी हळू. "आज नाही तर उद्या," म्हणाली. बस. मला वाटलं ती रडेल, मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त माळ उचलली.

मम्मीनं तोंडाला पदर लावला. दादीचा हात धरून बघितला तर थंड. पप्पा म्हणाले, "आई, ह्या वयात नववा उपवास..." दादी म्हणाली, "नववा आठव्यापेक्षा सोपा असतो. सवय होते."

पप्पा तडक पेटीकडं गेले. "मी आत्ता तो दिवाच काढून टाकतो."

"महावीर." आतून दादीनं पप्पांना नावानं हाक मारली. आवाज इतका बारीक, तरी पप्पांचा हात वरच्या वर थांबला. "त्यांना येता यावं म्हणून दिव्याला हात लावणार ना? मग ते त्यांच्यासाठीच झालं. असं केलंस तर मी दहावापण करीन."

झालं. म्हणजे आता दिवा काढला तरी असूझता, ठेवला तरी असूझता. दादाजी पाटावर बसून राहिले. बोर्डाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले असते, "सांगत होतो ना," तर मी भांडली तरी असती.

मी अमृतला फोन लावला. बंद. त्याच्या घरी गेली. तो तळोद्याला कोणाच्या तरी गणपतीच्या लायटिंगला गेलेला. रस्ताभर मी त्याला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या मारवाडीत होत्या, अहिराणीत होत्या, आणि संपल्या तेव्हा गुजरातीत होत्या.

संध्याकाळी दादीची सुखसाता विचारायला समाज यायला लागला. आणि तुम्हाला काय सांगू. प्रत्येक माणूस बोळात शिरला की लख्ख! "अगंबाई, आपोआप लागला!" माणूस थांबला की दिवा बंद. माणूस हलला की पुन्हा लख्ख! मुस्कानची मम्मी, आमची शेजारीण, एकदा आली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत आली. मी विचारलं, "काही विसरलात का?" म्हणाली, "नाही गं, बघत होती." पोरं तर मुद्दाम जायला-यायला लागली. एक पळायचा, दुसरा मोजायचा. मग एका काकांनी आपल्या पाहुण्याला हात धरून आणलं आणि दिव्याकडं बोट करून सांगितलं, "हाच तो. पतासीबाईंचं पारणं ह्यानंच चुकवलं. रूपलनं लावलाय."

लख्ख!

माझं डोकं गेलं. मी खुंटीवरची दादाजींची लोकरीची कानटोपी ओढली, स्टूल घेतलं, चढली, आणि ती टोपी त्या दिव्याच्या बोडक्यावर अशी कचकन ओढली की त्याचा डोळा, कान, नाक, सगळं आत. खालून नाड्यांची गाठ मारली. "घ्या! बघा आता! तिकीट लावते उद्यापासून!"

बोळ काळामिट्ट. पाहुणा भिंतीला धडकला. पोरं पळाली. समाज हळूहळू चाचपत चाचपत घरी गेला.

पप्पा धावत आले. "काय केलंस? आईनं सांगितलंय ना, त्यांच्यासाठी हात लावायचा नाही?"

"मी त्यांच्यासाठी नाही लावला."

"मग कोणासाठी?"

"माझं डोकं फिरलं म्हणून!"

"हे आता कोणाला खरं वाटणार आहे?"

दादीला जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता काढूही नका, लावूही नका. विचारतील तर खरं सांगायचं. पुढं जे व्हायचं ते होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाट, पुन्हा मुगाचं पाणी, पुन्हा हात मागं बांधलेले पप्पा. दादी भिंतीला न टेकता बसली होती. कशी, ते तिलाच माहीत. मम्मी तिच्या मागं हात धरून उभी होती, पडली तर सावरायला. महासतीजी येतील की नाही, काय माहीत. गल्लीत त्या आधी समोरच्या घरी गेल्या. मग पलीकडच्या. मग बराच वेळ काहीच नाही.

आणि बोळाच्या तोंडाशी पांढऱ्या साड्या.

छोट्या महासतीजींनी वर बघितलं. तपकिरी कानटोपी, वर गोंडा, खाली नाड्यांची गाठ.

"हे काय आहे?"

"टोपी," मी म्हटलं.

"कोणाची?"

"दादाजींची."

"कशासाठी घातली? आम्हाला येता यावं म्हणून?"

खोटं बोलायचा तर प्रश्नच नव्हता. पण खरं इतकं लाजिरवाणं होतं. आणि तेवढ्यात मला कालचा पाहुणा आठवला, पुन्हा तिडीक आली, आणि तोंडातून सुटलं,

"तुमच्यासाठी? तुमची आठवणसुद्धा नव्हती मला तेव्हा! गाव आमच्या बोळात यात्रेला आल्यासारखं येत होतं. डोकं फिरलं माझं. हातात टोपी आली म्हणून टोपी घातली, वरवंटा आला असता तर वरवंटा घातला असता."

मोठ्या महासतीजींनी माझ्यामागं उभ्या सगळ्यांकडं बघितलं. "खरं आहे?"

आणि मग माझ्या घरच्यांनी माझी बाजू घेतली. अशी बाजू कोणाची कोणी घेऊ नये.

दादाजी हात जोडून म्हणाले, "अगदी खरं. ही स्टुलावर चढली तेव्हा मी लांब उभा राहिलो. जवळ जायची हिंमत नाही झाली."

मम्मी म्हणाली, "राग आला की हिला पुढचं-मागचं दिसत नाही. परवा कुकरची शिट्टी गल्लीत भिरकावली हिनं."

पप्पा म्हणाले, "हिच्या शाळेत विचारा."

शेवटी पाटावरून दादी बोलली. दोन दिवसांत पहिल्यांदा इतका मोठा आवाज निघाला तिचा. "महासतीजी, माझी नात आहे, मी ओळखते. ह्या छोरीनं आजवर कोणासाठी म्हणून काही केलेलं नाही. जे केलं ते रागानंच केलं."

मी काही बोलायला तोंड उघडलं. मम्मीनं चिमटा काढला. मी मिटलं.

मोठ्या महासतीजींनी छोट्यांकडं बघितलं. छोट्यांनी मान हलवली. मोठ्या म्हणाल्या, "मग सूझता आहे."

त्यांनी पाऊल टाकलं. दिवा लागला नाही. अंधाऱ्या बोळातून त्या चालत आल्या, आणि खरं सांगते, मला तरी तेव्हा बोळ अंधारा वाटला नाही. दादी उठली. कोणाचा हात घेतला नाही. राबेची वाटी दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं सांडणार. पण राब सरळ पात्रात पडली, काठावरसुद्धा एक थेंब नाही. नऊ दिवस उपाशी माणूस आधी दुसऱ्याला वाढतो आणि चेहरा असा की जणू स्वतःच जेवला. मी डोळे पुसले. घाम होता.

महासतीजी निघाल्या. मग दादीनं मुगाचं पाणी प्यायलं. पहिला घोट घशाखाली उतरला तेव्हा तो आम्हा सगळ्यांना आवाजासकट ऐकू आला. दादाजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी महासतीजींना बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला गेली. हात जोडले आणि म्हटलं, "एकच सांगा. बोर्ड बदललं ते बरोबर केलं की चूक?"

छोट्या महासतीजी म्हणाल्या, "तेही सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "एक छोटा नियम घेशील?"

साध्वींनी नियम विचारला की नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, "रात्री खायचं नाही? कांदा-लसूण? घेते."

"तो नाही. आज सूर्य मावळेपर्यंत राग करायचा नाही. मनात आला तरी तोंडातून नाही, हातातून नाही."

एका दिवसाचं काय एवढं. दादी नऊ दिवस करते. मी हात जोडून घेतला नियम.

दुपारी अमृत आला. तळोद्याहून थेट, डोक्यावर लायटिंगच्या माळांचं ओझं. बोळात शिरला, वर बघितलं आणि खो खो हसायला लागला.

"रूपल, टोपी कसाले घाली? थंडी वाजी ऱ्हायनी का त्याले?"

तो ओझं दाराशी उतरवून स्टुलावर चढला, टोपीत बोट घातलं, आणि टक् असा बारीक आवाज आला.

"आठे बाजूले बटन शे ना, बारीकसं. दाबं का बंद. मी सांगेल नव्हतं का तुले?"

दादाजींनी गल्ल्यावरून मान वर केली. पप्पा दोन पावलं मागं सरकले. मम्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. घरात सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी बाहेर बघितलं. ऊन अजून पत्र्यांवर होतं. मी आतून खुर्ची आणली, पुसली, अमृतसमोर ठेवली.

"बस ना अमृतभाऊ," मी म्हटलं. "चहा घे. घाई काय आहे. सूर्य मावळेपर्यंत बस."